पडद्याची सुलटी बाजू

विघ्नहर्त्या गजाननास, वाग्देवी शारदेस आणि कयाधूच्या काठी वसलेल्या आमच्या जगदंबेस साष्टांग नमस्कार करून हे लिहावयास बसलो आहे. आज विजयादशमी. सकाळी पाटीवर सरस्वती काढली, पोथ्यांना गंधाक्षता वाहिल्या आणि प्रतिवर्षाप्रमाणे त्यांच्या शेजारी जाड पांढऱ्या कापडाची एक घडी ठेवून तिलाही फूल वाहिले. सूनबाई दरवर्षी विचारतात, "मामंजी, पोथ्यांच्या पंक्तीत हे कापड कशाला?" दरवर्षी मी "सांगेन कधीतरी" म्हणून वेळ निभावून नेतो. आज वाटले, सांगून टाकावे. ज्यांच्या हातचे हे कापड, त्यांचे स्मरण करण्यास दसऱ्याहून योग्य दिवस कोणता?

"जरा उजेडात या."

आमच्या हिंगोलीच्या बाजारातल्या त्या शिंप्याच्या दुकानी जो गेला, त्याने हे वाक्य ऐकले नाही असे कधी झाले नाही. सगळे त्यांना मास्तर म्हणत. गिऱ्हाईक ओटा चढून आत येते न येते तोच मास्तर मशीन थांबवीत, गळ्यातली मापाची फीत सावरीत आणि आलेल्याच्या दंडाला हलकेच धरून त्याला पुन्हा ओट्यावर, उन्हात, नेऊन उभे करीत. मग एक डोळा मिटून, मान किंचित कलती करून, त्याच्याकडे बराच वेळ पाहत राहत. नवखा मनुष्य संकोचून विचारी, "मास्तर, काही चुकलं का?"

"तुमचं न्हाई हो. सावलीत माणूस अर्धाच दिसतो. अर्ध्या माणसाचा सदरा कसा शिवू?"

एकदा डोंगरकडा गावचे एक देशमुख त्यांच्या ओट्यावर नुसते पाणी प्यावयास टेकले होते. मास्तरांनी त्यांनाही उन्हात नेऊन दोन वेळा गोल फिरवले. देशमुख चिडले. "अरे, मला न्हाई शिवायचं काही!"

"मी कुठं म्हणलो शिवायचं? तुमचं नाक लई बेस दिसून राहिलं, म्हणून पाहून घेतलं."

कापडाविषयी त्यांचे ज्ञान अलौकिक होते. डोळे बांधून त्यांच्या हाती कोणतेही वस्त्र द्यावे. अंगठा फिरवून ते क्षणात सांगत, ही सुलटी बाजू, ही उलटी. बाजारातली मंडळी पैजा लावून नवी नवी ठाणे आणीत. मास्तर कधी चुकले नाहीत. "कापडाला खोटं बोलता येत न्हाई, शास्त्रीबुवा," ते मला म्हणत. हे वाक्य वाचकांनी ध्यानी ठेवावे. कारण ज्या एका कापडाने त्यांना फसविले, त्याचीच ही कथा आहे.

मी त्या काळी लहानशी पाठशाळा चालवीत असे, घरोघरी लग्नमुंजी लावीत असे आणि नदीकाठच्या देवीची पूजा माझ्याकडे होती. निजामाची राजवट होती. गावात वीज नव्हती. पण नवरात्रात जत्रेच्या मैदानावर फिरत्या सिनेमाचा तंबू येई. तेलावरचे इंजिन धडधडू लागले की अर्धे गाव तिकडे धावे. तंबूच्या मधोमध पांढरा पडदा टांगलेला असे. त्याच्या एका अंगाला पुरुष बसत, दुसऱ्या अंगाला बाया. यंत्र पुरुषांच्या बाजूस. खेळापूर्वी पडदा पाण्याने चिंब भिजवीत, म्हणजे चित्र कापडातून आरपार जाऊन बायांनाही स्वच्छ दिसे.

त्या तंबूची फाटतूट मास्तर शिवीत, आणि पडदाही त्यांनीच शिवलेला. शिवणकामाच्या निमित्ताने ते यंत्राजवळ बसू लागले. बोलपट आले तेव्हा तंबूच्या मालकाने मुक्या चित्रांच्या काळातला, हाताने फिरवावयाचा, गंजलेला एक कॅमेरा अडगळीत टाकला. मास्तरांनी तो मागून घेतला. शिलाई मशीनचे तेल, दाभण आणि तीन महिन्यांची सबुरी एवढ्या भांडवलावर त्यांनी त्याचे चाक पुन्हा फिरते केले. त्या दिवशी ते धावतच पाठशाळेत आले. विद्यार्थी रूपावली म्हणत होते. मास्तर दारातूनच ओरडले:

"शास्त्रीबुवा, फिरलं! घर्रर्र फिरून राहिलं! आता सिनेमा काढायचा."

"कोणी?"

"मी. आन् तुमी."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या हाताला कोपरापर्यंत तेल लागले होते. मी विद्यार्थ्यांना सुटी दिली.

कथा त्यांनी स्वतःच रचली होती आणि ती एवढीशीच होती. एक सवाष्ण रोज सायंकाळी नदी ओलांडून देवीच्या देवळात दिवा लावते. एके दिवशी नदीला पूर येतो. पलीकडे जाता येत नाही. ती अलीकडच्या काठावर, देवळाकडे तोंड करून, दिवा लावून बसते. पुजारी पलीकडून तो दिवा पाहतो आणि त्यालाच आरती ओवाळतो. संपले. सारा खेळ पाव तासाचा. "एवढंच?" मी विचारले. "एवढंच," मास्तर म्हणाले. "दिवा लागला की माणूस घरी जातो, बुवा. मंग अजून काय दाखवायचं?"

पुजारी म्हणून मला उभे केले, कारण गाभाऱ्यात जाणारा मी एकटाच. राहिली ती सवाष्ण. त्या काळी नाटकातही स्त्रीचे काम पुरुषच करीत. मास्तरांनी मिशीवाली दोन-तीन माणसे उन्हात उभी करून पाहिली आणि मान हलविली. अखेर एके दिवशी त्यांची मंडळी, ज्यांना आम्ही सारे वैनी म्हणत असू, त्या काज करता करता शांतपणे बोलल्या, "दिवा तर मी रोजच लावते. त्यात शिकायचं काय?"

ही वार्ता जमातीत पोहोचली आणि वादळ उठले. शिंप्याची सून कापडावर नाचणार, असे लोक बोलू लागले. मास्तरांच्या चुलत घराण्यात एक वृद्धा होती. सगळे तिला मोठी माय म्हणत. बायांच्या गोष्टीत तिचा शब्द पंचांच्याही वर. ती काठी टेकीत दुकानी आली. मी तेथेच होतो.

"पोरा, हे काय ऐकून राहिले मी? घरच्या लक्षुमीला बाजारात मांडतोस?"

"मोठी माय, ती देवळात दिवा लावणार. दुसरं काहीच न्हाई."

"ते आमी पाहू. खेळ दाखव. आमच्या बायांनी पाहून म्हणलं, की हिनं लाज राखली, तर कोजागिरीच्या पंगतीला हिचं पान मांडू. न्हाई तर ह्या घराचं पान जमातीतून उठलं म्हणून समज. बराबर?"

मास्तर वैनींकडे पाहू लागले. वैनींनी सुईत दोरा ओवला, गाठ मारली आणि म्हणाल्या, "बराबर."

आजवर इतक्या पंगतींत बसलो, परंतु एका पानाची किंमत त्या दिवशी कळली. वैनींचे माहेर, भावंडे, लेकींची पुढची सोयरीक, सारे त्या एका पानावर ठेवलेले होते.

चित्रणाचे ते दिवस मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही. पहाटे स्नानसंध्या उरकून मी देवळात जावे तो मास्तर नदीच्या वाळूत आधीच उभे. कॅमेरा तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर, गळ्यात फीत. कॅमेऱ्यापासून माझ्या नाकापर्यंतचे अंतर ते त्या फितीने मोजीत. "बुवा, तुमचं नाक साडेआठ हात. हालू नका!" कयाधूला पूर येईपर्यंत आम्ही सारे आभाळाकडे डोळे लावून बसलो होतो. ज्या दिवशी लाल पाणी पायऱ्यांना भिडले त्या दिवशी गाव चिंतेत होते आणि मास्तर मात्र काठावर हर्षाने उड्या मारीत होते. एक शेतकरी म्हणाला, "मास्तर, माझी तूर वाहून चालली आन् तुमी नाचून राहिले?" मास्तर लाजले. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेतात बांध घालावयास तेच पहिले हजर होते.

गाभाऱ्यातला प्रसंग मात्र अडला. आत काळोख. समईच्या प्रकाशात कॅमेऱ्याला काही दिसेना. मास्तर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी दुकानातला माणूसभर उंचीचा आरसा हातगाड्यावर घालून घेऊन आले. तो प्रांगणात उन्हात उभा केला. दुसरा आरसा सभामंडपाच्या दारी. उन्हाची एक तिरीप पहिल्या आरशातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून गाभाऱ्यात शिरली आणि हळूहळू सरकत देवीच्या मुखावर स्थिरावली.

माझे आजे, माझे वडील आणि मी, तीन पिढ्यांनी त्या मूर्तीस स्नान घातले होते. कोणीही तिचे मुख सूर्यप्रकाशात पाहिले नव्हते. तिच्या ओठांच्या कडेला शिल्पकाराने एक अगदी लहान हसू कोरून ठेवले होते. शेकडो वर्षे ते अंधारात तसेच होते. माझ्या हातून तीर्थाची पळी निसटली. मागून मास्तरांचा आवाज आला, नेहमीचा नव्हे, अगदी हळू:

"माय, जरा उजेडात आलीस."

चित्रपट्टी धुण्यासाठी मुंबईस पाठविली. सव्वा महिना मास्तर रोज स्टेशनावर जात. पूर्णेकडून येणारी गाडी थांबली की मालडब्यापाशी उभे. पार्सल आले त्या दिवशी ते घरी नेण्याचाही धीर त्यांना झाला नाही. फलाटावरच पट्टी उलगडून सूर्याकडे धरली. बोटभर चौकटींतून बोटभर वैनी दिवा घेऊन निघाल्या होत्या. हमाल, टांगेवाले, अत्तरवाले चाचा, सगळे माना उंचावून पाहू लागले. चाचा म्हणाले, "या अल्ला, यह तो अपनी भाभी है!" मास्तरांनी मग ती पट्टी शिंप्याच्या कात्रीने कापली आणि डिंकासारख्या एका द्रवाने जोडली. जोड कोठे आहे ते हाताला लागत नव्हते.

मुक्या चित्रात अक्षरांच्या पाट्या घालण्याची रीत होती. मास्तरांनी त्या घातल्या नाहीत. "आमच्या बायांना कुठं वाचता येतं? तुमी बोला, बुवा. पडद्याच्या कडेला उभं राहून." त्या पाट्या असत्या तर पुढचा अनर्थ आधीच कोणाच्या तरी ध्यानी आला असता. पण देवीची इच्छा निराळी होती.

नव्या खेळाला सरकारी परवानगी लागे. पोलीस अमीन साहेबांनी कागदावर सही करताना एक बोट वर केले. "एक खेल की इजाजत है, मास्तर. एक." तंबूच्या मालकाने अष्टमीच्या सायंकाळी, आपल्या बोलपटाआधीची वेळ दिली.

काय ती सायंकाळ! कळमनुरी, कनेरगाव, डोंगरकडा, जेथे जेथे मास्तरांचा सदरा पोहोचला होता तेथून गाड्या आल्या. माझे यजमान पुढच्या सतरंजीवर, अमीनसाहेब खुर्चीवर, पाठशाळेचे विद्यार्थी दाटीवाटीने. पडद्यापलीकडून बांगड्यांचा आणि कुजबुजीचा आवाज येत होता. त्यात कोठेतरी वैनी बसल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी, मुद्दाम, मोठी माय. मास्तरांनी स्वतः घागरीने पडदा भिजविला. यंत्र सुरू झाले. प्रकाशाचा झोत पडला आणि आमची नदी, आमचा घाट, आमचा पिंपळ त्या ओल्या कापडावर उभा राहिला. पुरुषांच्या बाजूने एकच आरोळी उठली, "आपली नदी!" मी श्लोक म्हणून बोलण्यास प्रारंभ केला.

थोड्याच वेळात पलीकडून हसण्याचा आवाज आला. मी दुर्लक्ष केले. हसू वाढले.

"अगं बया, नथ पाहा! उजव्या नाकात!"

"आन् पदर भलत्याच खांद्यावर! कोण्या मुलखाची बाई हाय ही?"

"गालावरचा तीळबी हिकडचा तिकडं गेला, माय!"

आमच्या बाजूस वैनी पडद्यावर अगदी जशाच्या तशा चालल्या होत्या. पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. मी आवाज चढविला. चित्रात सवाष्ण देवळात आली, दिवा लावला, मी तिला तीर्थ दिले, तिने प्रदक्षिणा आरंभिली. आणि पलीकडचे हसू एकाएकी थांबले. त्या शांततेत मोठ्या मायचा आवाज कापडातून आरपार आला.

"डाव्या हातानं? देवीला दिवा डाव्या हातानं? आन् उलटी परदक्षिणा? हेच शिकलीस का ह्या घरात?"

"मी उजव्यानंच लावला, मोठी माय!" वैनींचा आवाज. "देवीची आण!"

"आमचे डोळे फुटले का मंग? पाहा की, तूच हाईस ना ती?"

कल्पना करा, वाचकहो. आपण जे केले तेच आपण शपथेवर सांगावे आणि आपलीच प्रतिमा, सगळ्या गोतासमोर, आपल्याविरुद्ध साक्ष देत उभी असावी. पलीकडे बाया उठू लागल्या. पाटावरून पान उठल्यासारखा तो आवाज होता. यंत्र थांबले. अमीनसाहेब खुर्चीतून उठले, "बंद करो, मास्तर. फसाद नहीं मंगता."

मास्तर पडद्याच्या कडेला धावले. बायांच्या बाजूस पाऊल न टाकता त्यांनी केवळ मान वळवून ओल्या कापडावर थांबलेले चित्र पाहिले. एक डोळा मिटला. मान कलती केली. मग दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतले आणि अशा आवाजात ओरडले की दोन्ही बाजू स्तब्ध झाल्या:

"चुकलं ते माझं! तिचं न्हाई! माय हो, मी शिंपी असून तुमाला कापडाची उलटी बाजू दिली!"

तेव्हा कोठे मला उलगडा झाला. पलीकडून पाहणाऱ्याला उजवे ते डावे दिसणारच. तीन वर्षे त्या तंबूत बाया सगळी चित्रे उलटीच पाहत आल्या होत्या. पण ती परक्या मुलखाची, परक्या बायकांची. तिकडच्या नथी कोणत्या नाकात असतात हे कोणाला ठाऊक? आज पहिल्यांदा पडद्यावर ओळखीचा चेहरा आला होता. ज्या गालावरचा तीळ रोज पाणवठ्यावर पाहिला, तो सरकलेला कसा चालेल?

"अमीनसाहेब," मास्तर हात जोडून म्हणाले, "पट्टीच्या दोन्ही कडेला छिद्रं हाईत. पालटून लावली की तिकडं सुलटं दिसंल. पाव घंटा द्या."

"एक खेल की इजाजत थी."

"खेळ कुठं झाला साहेब? हे तर माप घेतलं. सदरा अजून शिवायचा हाय."

अमीनसाहेबांच्या मिशा हलल्या. "शिवा," ते मराठीत म्हणाले आणि पुन्हा बसले.

पुढच्या सतरंजीवरून मात्र आरडाओरडा सुरू झाला. "बायांना सुलटं, मंग आमी काहून उलटं पाहावं?" मास्तरांनी त्यांच्याकडे वळून पाहिले. तसे ते फार मृदू. पण त्या वेळी त्यांचा आवाज धारदार झाला.

"त्यांनी तीन साल उलटं पाहिलं, एकीनं तक्रार केली न्हाई. तुमाला पाव घंटा जड झाला?"

मग ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "बुवा, एक अडचण हाय. पट्टी पालटली, की ह्या बाजूला तुमचं जानवं उजव्या खांद्यावर दिसंल. तीर्थबी डाव्या हातानं. तुमचे सगळे यजमान हितं बसलेत. तुमी म्हणाल तर थांबतो."

यज्ञोपवीत उजव्या खांद्यावर घेतात ते पितृकर्मात. त्याला अपसव्य म्हणतात. मंगल स्थानी, देवीसमोर, मी अपसव्य उभा, आणि समोर ज्यांच्या घरच्या मुंजी मी लावल्या ते सारे गृहस्थ. मी खरोखरच डळमळलो. ते लपविण्यात अर्थ नाही. तेवढ्यात पडद्यापलीकडून एक हुंदका ऐकू आला, दाबून धरलेला. वैनींना रडताना मी त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते.

"पालटा," मी म्हणालो.

मास्तरांनी पट्टी एका चक्रावरून दुसऱ्यावर पीळ देऊन घेतली, भिंग सूतभर पुढे सरकविले, पडद्यावर आणखी एक घागर ओतली. यंत्र पुन्हा धडधडू लागले. मी जागा सोडून पडद्याच्या अगदी कडेला गेलो, जेथून माझा आवाज दोन्हीकडे सारखा जाईल. आमच्या बाजूस आता पिंपळ डावीकडे गेला होता. माझी मूर्ती अपसव्य होऊन गाभाऱ्यात शिरली. एक यजमान ओरडले, "शास्त्रीबुवा, जित्तेपणीच श्राद्ध घालून राहिले का?"

"घालतो आहे," मी म्हणालो. "जेवायला थांबा!"

जो हशा उठला त्यात अमीनसाहेबांचाही आवाज होता. माझी लाज त्या हशात विरघळून गेली आणि मी असा बोलू लागलो, जसा कीर्तनातही कधी बोललो नव्हतो. पलीकडचे हसू मात्र पुन्हा उठले नाही. आरशातून आलेले ऊन देवीच्या मुखावर पडले तेव्हा बांगड्या एकदम किणकिणल्या. शंभर हात जोडले गेले होते. मग पूर आला. मग काठावरचा दिवा. आणि अखेरीस वैनींचा चेहरा, पडदाभर मोठा, दिव्याच्या उजेडात स्थिर, डोईवरचा पदर जागच्या जागी. मास्तरांनी ते चित्र बराच वेळ ठेवले होते.

पडद्यापलीकडे काठीचा आवाज झाला. मी कडेला असल्याने मला दिसले. मोठी माय उठून पडद्यापाशी आली होती. कमरेची कुंकवाची डबी काढून तिने हात वर केला, पण कपाळापर्यंत पोहोचेना. "उचला गं मला!" ती खेकसली. दोघी सुनांनी तिला कमरेला धरून उचलले. तिने चिंब कापडावरच्या त्या मोठ्या कपाळी ठसठशीत कुंकू लावले.

"मोठी माय, मी हिकडं हाय," वैनी रडता रडता हसल्या.

"तुला मंग लावते. आदी हिला. सवाष्ण दारातून रिकामी कशी जाऊ देऊ?"

कुंकू ओल्या कापडातून आमच्या बाजूस झिरपले. मास्तर यंत्रापाशी उभे राहून ते पाहत होते. चित्र संपून पडदा पांढरा झाला, तरी तो लाल ठिपका तेथेच राहिला.

कोजागिरीच्या पंगतीत वैनींचे पान मोठ्या मायच्या शेजारी होते. तंबूचा मालक ते चित्र मागून घेऊन गेला. ते वऱ्हाडातल्या जत्रांतून फिरले आणि फिरता फिरता झिजून गेले. त्याची दुसरी प्रत नव्हती. मास्तरांनी दुसरे चित्र काढले नाही. कोणी विचारले तर म्हणत, "दिवा लागला ना? मंग झालं."

पुढे राजवट डळमळू लागली आणि दंगलीचे दिवस आले. जत्रा भरेनात, तंबू येईना. पुष्कळ घरे निजामाची सरहद्द ओलांडून वाशिमकडे गेली. मास्तरांनीही एका पहाटे गाडी जुंपली. निघण्यापूर्वी ते माझ्या दारी आले. त्यांच्या हाती जुन्या पडद्यातून कापून काढलेला, कडा दुमडून शिवलेला हा तुकडा होता. कुंकवाचा डाग पुसट होऊ नये म्हणून त्यावर त्यांनी लाल दोऱ्याने बारीक टाके भरले होते.

"तुमी लग्नं लावता, बुवा. अंतरपाट करा ह्याचा. टाक्याची बाजू नवरीकडं ठेवा."

मी त्यांना ओट्यावर, उगवत्या उन्हात, घेऊन आलो. म्हटले, "मास्तर, जरा उजेडात या. एकदा पाहून घेतो." त्यांनी मान कलती केली, हसले, आणि गाडीत बसले. पुन्हा भेट झाली नाही. दोन वर्षांनी वैनींचा निरोप आला, तो कसला हे सांगावयास नको.

तेव्हापासून मी लावलेल्या प्रत्येक लग्नात वधू आणि वर यांच्यामध्ये हेच कापड धरले गेले आहे. मंगलाष्टके म्हणताना मी नेहमी वधूच्या बाजूने एकदा पाहून घेतो. तिच्या डोळ्यांसमोर तो लाल ठिपका असतो आणि कापडाची सुलटी बाजू तिच्याकडे असते.

सूनबाई, हे त्या घडीचे उत्तर. आणि ज्या वाचकाने येथवर सोबत केली त्याच्या घरी सांजेला दिवा चुकू नये, त्याच्या पंगतीतून कोणाचे पान न उठो, आणि त्याच्या लेकीसुनांचे मुख जगदंबा सदैव उजेडात ठेवो.